झाडं लावायला निधी मिळतो, जगवायला कुठून आणायचा?

काठावरची

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळतंय, आज लिहून काढते. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या वस्तीच्या मागून एक ओढा जातो. राडारोडा, प्लास्टिक, जुन्या गाद्या असं काय काय साचून त्याचं पात्र इतकं अरुंद झालं होतं की दर पावसाळ्यात पहिल्या रांगेतल्या घरांत पाणी शिरायचं. चार वर्षांपूर्वी आम्ही पंचवीसेक जणांनी गट केला आणि एका देणगीदार संस्थेकडे अर्ज केला. एका वर्षाचा निधी मंजूर झाला. गाळ निघाला, कचरा अडवायला पात्रात आडवी लोखंडी जाळी बसली, दोन्ही काठांना रोपं लागली. उद्घाटन झालं, फोटो निघाले, वर्षअखेरीला अहवाल गेला आणि त्यावर 'उद्दिष्ट पूर्ण' असा शेरा आला.

परवा त्याच काठावरून चालत गेले. एका करंजापाशी थांबले. रोप लावताना ते ज्या काठीला बांधलं होतं ती काठी केव्हाच कुजून पडली, पण नायलॉनची दोरी तशीच राहिली. खोड जाड होत गेलं आणि दोरी सालीत रुतली. बोटाने चाचपलं तर दोरी लागतच नव्हती, नुसती गोल खाच. खाचेच्या वर खोड फुगलेलं आणि खाली बारीक. ही दोरी अधूनमधून सैल करायची असते. एका झाडामागे दोन मिनिटांचं काम. ते करायला कुणी नव्हतं, कारण दुसऱ्या वर्षापासून पाणी घालणाऱ्या काकांच्या पगाराला पैसेच नव्हते. काका दुसरीकडे कामाला लागले. त्यांचं काही चुकलं नाही.

जाळीचीही तीच गत. मोठा पाऊस झाला की दोन दिवसांत ती कचऱ्याने भरते. उपसली नाही तर तिचाच बंधारा होतो आणि पाणी बाजूने वर चढतं. तिसऱ्या वर्षी आम्हीच ती कापून काढली. घरांत पाणी जाऊ नये म्हणून बसवलेली जाळी घरांत पाणी जाऊ नये म्हणूनच काढावी लागली.

त्याच संस्थेकडे पुन्हा गेलो तर उत्तर आलं, "तुमचा प्रकल्प पूर्ण झालाय, नवीन काही असेल तर सांगा." नवीन म्हणजे नवीन रोपं. जुन्यांना पाणी घालणं त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. मंजूर झालेले पैसेसुद्धा आधी हातात आले नाहीत. आधी खर्च करा, बिलं लावा, मग परतावा. गाळ काढणारा जेसीबीवाला तीन महिने थांबत नाही. आमच्यातल्या तिघींनी घरातून पैसे घातले तेव्हा काम सुरू झालं. ज्या वस्तीत असे पैसे घालू शकणारं कुणीच नाही, तिथला गट ही पहिली पायरीच चढू शकत नाही. आणि बहुतेक वेळा सगळ्यात घाण हवा, सगळ्यात घाण पाणी तिथेच असतं.

फिलाडेल्फिया शहरात ओसाड प्लॉटांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ५४१ प्लॉट घेतले होते. कुठे काम करायचं आणि कुठे नाही, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. काम साधंच होतं. कचरा उचलला, जमीन सारखी केली, गवत पेरलं, थोडी झाडं लावली, आत यायला वाट ठेवून बुटकं लाकडी कुंपण घातलं. गरीब वस्त्यांमध्ये त्या प्लॉटांच्या आसपासचा बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी घटला. उदास वाटतं म्हणणाऱ्यांचं प्रमाणही कमी झालं. हे आकडे सगळे सांगतात, पण त्यातली एक ओळ वगळतात. पहिल्या सफाईनंतर माणसं ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा त्या प्लॉटांवर जात होती, गवत कापत होती, नवा कचरा उचलत होती. देखभाल हा त्या प्रयोगाचाच भाग होता.

माझं म्हणणं इतकंच आहे. शहरातल्या पर्यावरणासाठी गटांना निधी द्यायचा तर तो दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षासाठी द्या. पहिलं वर्ष आम्ही अंगमेहनतीने काढू. तुमचे अनुभव काय आहेत? असा निधी देणारं कुणी भेटलंय का? भेटलं असेल तर अर्ज कसा लिहिलात?

---

गल्लीतला

ताई, दोरीचं वाचून पोटात तुटलं. आमच्याकडे तर झाडाभोवतीचे लोखंडी पिंजरे तसेच राहिलेत आणि झाडं पिंजऱ्याच्या गजांना गिळत वाढलीत. वाचतोय, अनुभव सवडीने लिहितो.

---

साशंक

विषय महत्त्वाचा आहे, पण मला मुळातच एक अडचण वाटते. गाळ काढणं, कचरा उचलणं, झाडं जगवणं ही नगरपालिकेची कामं आहेत आणि आपण त्यासाठी कर भरतो. तीच कामं गटांनी देणग्या मागून करायची, म्हणजे पालिकेला मोकळं सोडायचं. उद्या पालिका म्हणेल, "त्या ओढ्याचं बायकांचा गट बघतो." मग गटाला निधी मिळाला नाही की ओढा वाऱ्यावर. पैसे मागायचेच असतील तर पालिकेच्या अंदाजपत्रकात मागा. देणगीदाराला कुणी निवडून दिलेलं नाही.

---

काठावरची

@साशंक, तुमची शंका रास्त आहे. गटातही यावर भांडणं झालीत. पण पाणी घरात शिरतं तेव्हा ते कुणाच्या अखत्यारीत आहे हे विचारून शिरत नाही. पालिकेकडे तक्रारींची फाइल आहे, ती आम्ही बंद केलेली नाही आणि करणारही नाही.

---

नकाशेवाला

साशंक यांच्या मुद्द्यावर कराचीतल्या ओरंगीचं उदाहरण फार उपयोगी आहे. १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी तिथे ओरंगी पायलट प्रोजेक्ट सुरू केला. प्रचंड मोठी अनधिकृत वस्ती, सांडपाणी गल्लीतून वाहायचं. सरकार काही करेल म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत होते. त्यांनी कामाचे दोन भाग पाडले, घराजवळचं आणि बाहेरचं. घरातला संडास, गल्लीतली भूमिगत गटार आणि तिला जोडणारी दुय्यम वाहिनी हे लोकांनी करायचं. मोठ्या मुख्य वाहिन्या आणि शुद्धीकरण हे सरकारने करायचं. साधारण वीस ते चाळीस घरांची एक गल्ली हे एकक. गल्लीने आपला प्रमुख निवडायचा, त्याने पैसे गोळा करायचे, काम गल्लीने करायचं.

संस्थेने गल्ल्यांना गटारीसाठी अनुदान दिलंच नाही. तिने दिले ते नकाशे, उतार मोजायची उपकरणं, सिमेंटच्या कामाचे साचे आणि चूक झाली तर येऊन सांगणारा तंत्रज्ञ. मधला कंत्राटदार गेला आणि खर्च इतका उतरला की गरीब घरांनाही तो झेपला.

पुढे याच संस्थेच्या परवीन रहमान यांनी शहरातल्या नाल्यांचे आणि गटारींचे नकाशे काढले. लोकांनी स्वतः किती काम करून ठेवलंय हे त्या नकाशांवर दिसत होतं. नवी वाहिनी कुठून कुठे न्यायची याची चर्चा सरकारला तो कागद बाजूला ठेवून करता येईना. २०१३ मध्ये त्यांची हत्या झाली. हे लिहिताना आजही हात थांबतो.

साशंक, पालिकेला मोकळं न सोडताही गटाला उभं करता येतं, हे मला इथे दिसतं. आपला भाग कुठे संपतो आणि त्यांचा कुठे सुरू होतो, ती रेघ नकाशावर असली पाहिजे. काठावरची, तुमच्या ओढ्यात वरच्या अंगाने कचरा कुठून येतो याचा नकाशा आहे का? नसेल तर निधीतला पहिला पैसा त्यावर घाला.

---

साशंक

नकाशेवाला, धन्यवाद. ओरंगीबद्दल त्रोटक माहिती होती, ही विभागणी माहीत नव्हती. रेघ आखलेली असेल तर माझा विरोध बराच मावळतो. 'लोकसहभाग' या शब्दाखाली ती रेघ पुसली जाते, ही भीती मात्र राहते.

---

निधीवाली

मी देणाऱ्यांच्या बाजूला काम करते. संस्थेचं नाव सांगत नाही. काठावरची, तुम्हाला आलेलं "नवीन काही असेल तर सांगा" हे उत्तर मी स्वतः कितीतरी गटांना पाठवलंय, म्हणून हा प्रतिसाद लिहिणं मला भाग आहे.

आतून कसं दिसतं ते सांगते. छोटा निधी द्यायला आणि मोठा निधी द्यायला आमच्याकडे जवळपास तेवढाच वेळ लागतो. अर्जाची छाननी, भेट, करारनामा, हिशेब तपासणं, अहवाल हे सगळं दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे विश्वस्तांना दहा छोट्या गटांपेक्षा एक मोठी संस्था सोपी वाटते. मोठ्या संस्थेकडे अर्ज लिहिणारा पगारी माणूस असतो, तुमच्याकडे नसतो. शिवाय वर्षाच्या शेवटी विश्वस्तांसमोर काय ठेवायचं? 'अमुक इतकी रोपं लावली' हा आकडा एका ओळीत सांगता येतो. 'चौथ्या वर्षी इतकी जिवंत' हा आकडा चौथ्या वर्षीच येतो, तोवर विश्वस्त मंडळ बदललेलं असतं. परताव्याची अटही फसवणुकीच्या भीतीतून आलेली आहे. पण ती अट फसवणाऱ्याला अडवत नाही, कारण त्याच्याकडे भांडवल असतं. अडतो तो गरीब गट. हे मी बैठकीत दोनदा बोलले आहे, पुन्हा बोलणार आहे.

याहून बरी पद्धत अस्तित्वात आहे. जागतिक पर्यावरण सुविधा म्हणजे जीईएफ, तिचा लघु अनुदान कार्यक्रम १९९२ पासून चालतो. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम तो राबवतो. एका प्रकल्पाला वर्षानुवर्षं ५० हजार डॉलरपर्यंतची मर्यादा होती. पैसे कुणाला द्यायचे हे दूरच्या मुख्यालयात ठरत नाही. प्रत्येक देशात एक समिती असते आणि तिच्यात बिगरसरकारी सदस्यांचं बहुमत असतं. अर्ज तयार करण्यासाठीसुद्धा वेगळं छोटं अनुदान मागता येतं. गटाचा हिस्सा रोख नसला तरी श्रम, जागा, साहित्य या रूपात धरतात. प्रशिक्षण न घेतलेल्या माणसाला चाळीस पानी अर्ज लिहिता येत नाही, हे तिथे कुणीतरी आधीच ओळखलं होतं.

---

लेखापाल_नाना

निधीवाली यांनी मोकळेपणाने लिहिलं, आनंद झाला. मी छोट्या संस्थांचे हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलं, त्यातलं थोडं सांगतो.

परताव्याऐवजी हप्त्याने आगाऊ रक्कम मागा. पहिला हप्ता आधी, त्याचा हिशेब दिला की दुसरा. बऱ्याच देणगीदारांच्या नियमात हे बसतं, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. अर्जातच लिहा, "गटाकडे खेळतं भांडवल नाही, म्हणून पहिला हप्ता आगाऊ द्यावा." यात कमीपणा काही नाही.

दुसरं, मजुरीचा हिशेब. पाणी घालणाऱ्या, गाळ उपसणाऱ्या माणसाकडे छापील बिल नसतं आणि इथेच लेखापरीक्षक आक्षेप घेतो. हजेरीपट ठेवा. तारीख, नाव, काय काम, किती तास, रक्कम, सही किंवा अंगठा. त्यासोबत व्हाउचर, त्यावर गटातल्या दोघांच्या सह्या. किर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, रोजच्या रोज लिहा. आठवड्याने आठवून लिहिलेली किर्द लगेच ओळखू येते, सगळ्या पानांची शाई एकसारखी असते.

तिसरं. गटाची नोंदणी नसेल तर घाई करू नका. ओळखीच्या नोंदणीकृत संस्थेने तुमच्या वतीने पैसे घ्यायचे आणि तुम्हाला द्यायचे, अशी व्यवस्था जगभर चालते. मात्र लेखी करार करा. ती संस्था सेवाशुल्क किती कापणार, पैसे किती दिवसांत देणार, आणि पाटीवर नाव कुणाचं. या तिसऱ्या कलमावरून झालेली भांडणं मी सर्वांत जास्त पाहिली आहेत.

---

काठावरची

नाना, हे सोन्यासारखं आहे. आमच्याकडे किर्द होती, हजेरीपट नव्हता. काकांच्या पगाराची दोन महिन्यांची रक्कम त्यामुळेच नामंजूर झाली होती. ती आम्ही वर्गणीतून भरली, काकांना कळू दिलं नाही.

---

दुर्बीण

मी हवेच्या बाजूने लिहितो. तिथेही हाच खड्डा आहे, फक्त त्यात झाडाऐवजी यंत्र आहे.

हल्ली गटांना हवा मोजायचे स्वस्त सेन्सर घेऊन देणं देणगीदारांना आवडतं. भिंतीवर डबी लागते, मोबाइलवर आकडा दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी, वार्षिक सरासरीची शिफारस १० वरून ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरवर आणली. तेव्हापासून मोजण्याची निकड अजूनच वाढलीय. पण ही यंत्रं कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतात. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा खोटाच चढतो. म्हणून यंत्र आधी काही आठवडे अधिकृत मोजणी केंद्राच्या शेजारी ठेवून तुलना करावी लागते, आणि ती पुन्हा पुन्हा करावी लागते. आतला पंखा धुळीने भरतो, तो साफ करावा लागतो. या कशालाच निधी नसतो. मग सुनावणीत समोरचा अधिकारी विचारतो, "तुमच्या यंत्राची तुलना कधी केली होती?" आणि गट गप्प बसतो. मी त्या गटात बसलो होतो.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नॉर्को नावाचं गाव आहे. तिथली डायमंड ही कृष्णवर्णीयांची वस्ती शेल कंपनीच्या रसायन प्रकल्पाला अगदी लागून होती. तिथल्या लोकांनी बादलीने हवा पकडली. खरोखरची प्लास्टिकची बादली, घट्ट झाकण, आत विशिष्ट प्लास्टिकची पिशवी. बादलीतली हवा पंपाने ओढून घेतली की पिशवी बाहेरच्या हवेने भरते, मग ती प्रयोगशाळेत पाठवायची. ही पद्धत कॅलिफोर्नियात १९९५ च्या सुमारास सुरू झाली होती. वास आला की बादली बाहेर, हे वर्षानुवर्षं चाललं. मार्गी रिचर्ड या तिथल्या शिक्षिका त्यात पुढे होत्या. २००२ मध्ये कंपनीने वस्तीतली घरं विकत घेऊन लोकांना दुसरीकडे जाता येईल हे मान्य केलं. २००४ मध्ये मार्गीबाईंना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

बादली स्वस्त असते. प्रत्येक पिशवीमागचं प्रयोगशाळेचं बिल महाग असतं, आणि ते दर वेळी येतं. निधी मागायचा तो त्या बिलासाठी.

---

मृद्गंधा

दुर्बीण, या विषयात एक सरकारी योजना पाहण्यासारखी आहे. लव्ह कॅनाल प्रकरणानंतर (१९७८, नायगारा फॉल्स शहर, घरांखाली पुरलेला रासायनिक कचरा, गृहिणी लोइस गिब्ज यांचा लढा) अमेरिकेत १९८० मध्ये विषारी कचऱ्याच्या जागा साफ करण्यासाठीचा सुपरफंड कायदा आला. १९८६ च्या दुरुस्तीत बाधित वस्तीतल्या गटाला ५० हजार डॉलरपर्यंत तांत्रिक साहाय्य अनुदान देण्याची सोय झाली. कशासाठी? गटाने स्वतःचा तज्ज्ञ नेमावा आणि त्याने सरकारचे जाडजूड अहवाल लोकांना समजेल अशा भाषेत सांगावेत. म्हणजे प्रदूषण करणारा आणि सरकार, दोघांकडे तज्ज्ञ असताना लोकांकडेही एक हवा, हे कायद्याने मानलं. त्यात एक मोठी त्रुटी आहे. या पैशातून नवे नमुने गोळा करता येत नाहीत, दुसऱ्याने मोजलेलंच वाचता येतं. बादली तिथे कामाला येते.

काठावरची, दोरीबद्दल. ओढून काढू नका, साल सोलली जाईल. जिथे दोरी दिसते तिथे धारदार पात्याने दोन-तीन ठिकाणी कापा म्हणजे आवळ सुटेल. आत गेलेला तुकडा तसाच राहू द्या. झाड तरुण असेल तर बरीच झाडं सावरतात. पुढच्या वेळी नायलॉन नको, सुती कापडाची पट्टी इंग्रजी आठच्या (8) आकड्यात बांधा.

---

गल्लीतला

सवड मिळाली. दोन गोष्टी.

लोकांनी मत देऊन अंदाजपत्रक ठरवायची पद्धत ब्राझीलच्या पोर्तू अलेग्री शहरात १९८९ मध्ये सुरू झाली आणि जगभर गेली. पॅरिसने २०१४ पासून भांडवली अंदाजपत्रकातला ५ टक्के भाग असा लोकांच्या मतावर सोडला. 'भांडवली' हा शब्द महत्त्वाचा. बांधायला मत देता येतं, झाडायला-पुसायला नाही. साशंक म्हणतात तसं पालिकेकडे मागायचं तर हा रकानाच बदलून मागावा लागेल.

दुसरी गोष्ट ब्रिटनची. तिथे १९९६ मध्ये कचरा जमिनीत पुरण्यावर कर बसला. सोबत अशी सोय केली की कचराभूमी चालवणाऱ्याने आसपासच्या वस्त्यांमधल्या पर्यावरणाच्या कामाला पैसे दिले तर त्यातले ९० टक्के त्याला करातून वजा करून मिळतील, ठराविक मर्यादेपर्यंत. ज्याच्या दारात घाण येते त्याच्या दारात थोडे पैसेही यावेत, ही कल्पना मला फार पटते. पण उरलेले १० टक्के कुणी भरायचे? कंपनीने सोसायचे किंवा तिसऱ्या कुणी तरी द्यायचे. पुष्कळदा हा 'तिसरा' शोधून आणणं अर्ज करणाऱ्या छोट्या गटाच्याच गळ्यात पडलं. शंभर मिळवायला आधी दहा जमवा. ताईंच्या परताव्याचीच ही भावंडं.

---

सागरगोटा

अवांतर होईल, पण एक काळजी मांडते. ओढा साफ झाला, झाडं वाढली, संध्याकाळी लोक फिरायला येऊ लागले की घरभाडी वाढतात. न्यूयॉर्कमधला हाय लाइन हा बंद पडलेल्या उन्नत रेल्वेमार्गावरचा बगीचा आठवा. १९९९ मध्ये रहिवाशांनी त्यासाठी संस्था काढली, २००९ मध्ये पहिला टप्पा खुला झाला, आणि आसपासच्या जागांचे भाव कुठल्या कुठे गेले. शेजारच्या सरकारी गृहसंकुलांतल्या लोकांना ही बाग आपली वाटली नाही. संस्थापकांपैकी एकाने पुढे हे जाहीरपणे मान्य केलं.

त्याच शहरात आधी असंही घडलं होतं की १९७३ पासून लोकांनी ओसाड प्लॉटांवर बागा फुलवल्या, पण जमीन पालिकेची. १९९९ मध्ये महापौरांनी शंभरहून अधिक बागांचा लिलाव काढला. शेवटी दोन संस्थांनी पैसे उभे करून त्या विकत घेतल्या म्हणून वाचल्या. पंचवीस वर्षांची मेहनत आणि हातात कागद एकही नाही. काठावरची, ओढ्याचा काठ कुणाच्या नावावर आहे? गटाकडे काही लेखी परवानगी आहे का? ती मिळवायला वकिलाचा खर्च आला तर तोही निधीत मागा.

---

काठावरची

सागरगोटा, अवांतर अजिबात नाही. पहिल्या रांगेतली निम्मी घरं भाड्याचीच आहेत आणि सगळ्यात जास्त राबल्या त्याच घरांतल्या बायका. लेखी परवानगी नाही. तोंडी 'करा, करा' एवढंच. सोमवारी अर्ज देते.

---

निधीवाली

एक विचारू का? समजा मी बैठकीत तीन वर्षांच्या निधीचा आग्रह धरला, तर विश्वस्त पहिला प्रश्न हा विचारतील: तीन वर्षांनी पुढे काय? 'गट स्वावलंबी होईल' हे ठरलेलं उत्तर मला द्यायचं नाही, कारण ते खरं नसतं. काय सांगू?

---

लेखापाल_नाना

खरं तेच सांगा. काही कामं कधीच स्वावलंबी होत नाहीत, गटार त्यातलीच. ती कायमच्या अंदाजपत्रकात जावी लागतात. तीन वर्षांत गटाकडे नोंदी जमतात, खर्च किती येतो हे सिद्ध होतं, आणि मग पालिकेकडे जाताना हातात हजेरीपट असतो.

काही कामांना सेवाशुल्क लावता येतं. पुण्यातली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करते. घरं दरमहा शुल्क देतात, पालिकेशी करार आहे, मालकी कचरावेचकांची. पण तिच्यामागे १९९३ पासूनची संघटना होती, हे विसरू नये. पंधरा वर्षांची बांधणी आणि मग करार. तीन वर्षांत असं काही उभं राहील अशी अपेक्षा विश्वस्तांनी ठेवू नये.

---

नकाशेवाला

नानांना जोडून. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते सामाईक साधनसंपत्ती लोक कशी सांभाळतात यावरच्या कामासाठी. जंगलं, कुरणं, कालवे, मच्छीमारीच्या जागा. जिथे नियम वापरणाऱ्यांनीच केले आणि पाळले जातात की नाही हे बघायला माणूस होता, तिथे सामाईक गोष्ट टिकली. बघणारा माणूस, निधीवाली. अर्जात त्याला 'प्रशासकीय खर्च' म्हणून कापू नका एवढं बैठकीत सांगा.

---

निधीवाली

लिहून घेतलं. पुढच्या बैठकीत 'देखभाल व राखणदार' असा स्वतंत्र रकाना मागते. मिळेल याची खात्री नाही, निकाल इथेच कळवीन.

---

काठावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी आठ जण पाती घेऊन काठावर गेलो होतो. मृद्गंधा, सांगितलंत तसंच केलं. बहुतेक झाडांची आवळ सुटली. कापताना कट् असा आवाज येतो आणि दोरीची टोकं दोन्हीकडे सरकतात. दोन करंजांची दोरी पूर्ण आत गेलीय, तिथे पातं पोचलं नाही. त्यांना खुणेचा पांढरा पट्टा मारून ठेवलाय, पावसाळ्यानंतर पुन्हा बघू.

पाणी घालणारे काका भेटले, त्यांना मीच शोधून काढलं. ते म्हणाले, "पगार ठरला की येतो, पण या वेळी सहीचं वहीत लिहा."

वही घेतली आहे. नाना, रकाने तुम्ही सांगितले तसे आखते. 'किती तास'च्या शेजारी 'कुठलं झाड' असाही रकाना घालू का? आणि नवा अर्ज लिहून झाला की त्याचा खर्चाचा तक्ता इथे टाकते, सगळ्यांनी तपासून द्या.

---

लेखापाल_नाना

घाला. झाडांना क्रमांक द्या, पट्टा मारलेल्या दोघांपासून सुरू करा.